'गिल्टी प्लेझर'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: एका लेखाचं भाषांतर करतेय, रिअ‍ॅलिटी शो बघणाऱ्यांबद्दलचा आहे. त्यात गिल्टी प्लेझर, म्हणजे आवडतं पण आवडायला नको होतं असं वाटत राहतं ते, सात वेळा आलंय आणि मी पहिल्याच ठिकाणी अडकलेय. मी 'अपराधी आनंद' लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'चोरटा आनंद' केलं. मला पटत नाहीये. चोरटं म्हणजे दुसऱ्यापासून लपवलेलं ना? आता मी स्वतः रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून सलग चार-चार एपिसोड बघते, त्यात लपवणं आहेच, पण घरात एकटी असले तरी भांडण सुरू झालं की मी पुढे सरकून बसते आणि टीव्ही बंद केल्यावर आत काहीतरी टोचत राहतं, ते कुणी पकडेल म्हणून नाही टोचत. ते टोचणं शब्दात यायला हवं. सुचवा प्लीज.

कानामात्रा: बाईंचं बरोबर आहे. अपराधी आनंद म्हटलं की आनंदानेच गुन्हा केलाय असं वाटतं. अपराधी हे माणसाचं विशेषण.

उंबरठा: मग 'अपराधी नजर', 'अपराधी चेहरा' कसं चालतं? नजरेने काही केलेलं नसतं. तरी मीसुद्धा चोरटाच घेईन. चोराच्या मनात चांदणं ही म्हण आठवा, बाहेर काळोख असला तरी त्याला आपण उजेडात आहोत असं वाटत राहतं. म्हणजे टोचणी आतलीच झाली की.

शब्दवेडी: म्हण सुंदर आहे पण चांदण्याची भीती कशाची, दिसण्याचीच ना? पकडलो जाऊ ही धास्ती वेगळी आणि आपण हे करायला नको होतं हे वाटणं वेगळं. आपल्याकडे लाज आणि अपराधीपणा हे दोन शब्द वेगळे आहेत ते उगाच नाही.

जुनी वही: एवढा खटाटोप कशाला, 'नाद' म्हणा. नाद शब्दातच नापसंती आहे. 'त्याला वाचनाचा छंद आहे' आणि 'त्याला वाचनाचा नाद आहे' यातला फरक कुणाही मराठी माणसाला सांगावा लागत नाही. नाद म्हणजे मूळ आवाज, पारध्याच्या सुरांना भुलून हरीण जाळ्यात येतं तसं नादी लागणं, असं आमचे मास्तर सांगायचे आणि मला ते आजही पटतं. माझी आत्या रोज ठरवायची की आज बघायचं नाही, आणि बरोबर वेळेला रिमोट तिच्याच हातात असायचा. तिला विचारलं असतं तर 'नाद लागलाय बाई' एवढंच म्हणाली असती.

कानामात्रा: नाद लागला तर सुटत नाही, त्यात व्यसन आहे. गिल्टी प्लेझर आठवड्यातून एकदासुद्धा असू शकतं.

तिरपी रेघ: दुसऱ्यांची भांडणं बघून मजा वाटते त्याला मराठीत शब्द आहे की, आसुरी आनंद.

शब्दवेडी: नाही हो, अजिबात नाही! कन्फेशन रूममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यासमोर मन मोकळं करायच्या खोलीत, कुणी एकटं बसून रडायला लागलं की मलाही रडू येतं. त्यांचं वाईट व्हावं असं मला एका क्षणासाठीही वाटत नाही. आसुरी म्हणणं बघणाऱ्यांवर अन्याय आहे.

उंबरठा: 'गुन्हा'चा विचार करा. फारसीत गुनाह म्हणजे पाप, हिंदीत तो अर्थ टिकला, मराठीत मात्र गुन्हा पोलीस ठाण्यात जाऊन बसला. म्हणून हा शब्द इथे आपल्याला मदत करत नाही, आणि पाप फारच जड होतं.

समास: 'सल' हा इतका नेमका शब्द असताना कुणाला आठवू नये याचं वाईट वाटतं. सलतं सुख. किंवा सरळ सलसुख.

तिरपी रेघ: सलसुख कोण म्हणणार? कुणी कधी बोललंय का? गिल्टी प्लेझर तसंच ठेवा, सगळ्यांना कळतं.

समास: सावरकरांनी महापौर दिला तेव्हा तोही कुणी बोलत नव्हतं. वापरायच्या आधीच नाही म्हणायचं हा आळस आहे. आणि सगळ्यांना कळतं म्हणजे कोणाला? माझ्या आईला कळत नाही, आणि ती हे कार्यक्रम तुमच्याइतक्याच आवडीने बघते.

तिरपी रेघ: तिला सलसुख तरी कळेल का?

समास: सल कळतो. सुख कळतं. बाकी काय लागतं?

कानामात्रा: आधी 'रिअ‍ॅलिटी' बघा. काही जण 'वास्तवदर्शी कार्यक्रम' लिहितात ते तर साफ चूक. दिवसभराच्या शूटिंगमधून तासभर उरतो, वेगवेगळ्या वेळी बोललेली वाक्यं जोडून एक वाक्य करतात, त्याला त्या धंद्यात फ्रँकनबाइट म्हणतात. यात वास्तव दर्शवलं कुठे?

जुनी वही: रचलेलं असलं तरी राग खरा येतो त्यांना. चेहरा कसा जोडणार?

उंबरठा: 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये बिग ब्रदर सुरू झालं, माणसांना एका घरात कोंडून कॅमेऱ्याने बघत राहायचा शो, नाव ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या कादंबरीतून घेतलेलं, त्यातला सतत पाळत ठेवणारा तो. त्याला मराठीत 'दादा' किती चपखल बसतो बघा, थोरला भाऊही दादा आणि दमदाटी करणाराही दादा. इंग्रजीला जे दोन शब्दांत करावं लागलं ते आपल्या एका शब्दात आधीपासून आहे.

जुनी वही: वा, हे कधी सुचलं नव्हतं! आणि त्याच घरातलं 'नॉमिनेट' घ्या. पुरस्कारासाठी नॉमिनेट झालं की अभिनंदन करतात, तिथे घराबाहेर काढायला नॉमिनेट झालं की तोंड पडतं. वर्तमानपत्रवाले दोन्हीकडे नामांकन लिहितात.

कानामात्रा: नामांकन मुळात नकोच, नाव घातलं म्हणा. आणि बाहेर काढलेल्याला 'बेघर' म्हणणं हिंदीतून आलंय. मराठीत बेघर म्हणजे ज्याला घरच नाही. हे लोक तर उलट आपापल्या घरी जातात.

समास: हद्दपार?

कानामात्रा: हद्दपार जिल्ह्यातून करतात, घरातून नाही.

शब्दवेडी: सलतं सुख मी मोठ्याने वाचून बघितलं, सात जागांपैकी तीन ठिकाणी बसतंय. उरलेल्या चारमध्ये वाक्य गप्पांसारखं आहे, तिथे अडखळतं. चोरटा मात्र मी ठेवणार नाही, बाईंना तसं कळवते. त्या चार जागांसाठी अजून कुणाला काही सुचतंय का?

जुनी वही: सांगतो, पण हद्दपारचं आधी होऊ दे. आमच्याकडे 'घराबाहेर काढलं' एवढंच म्हणायचे, त्यात काय कमी आहे?