व्यायामासाठी रेफर केलेले पेशंट पुढे पोचतच नाहीत, काय करता तुम्ही?

फिजिओताई:
छोट्या दवाखान्यात काम करते. बहुतेक पेशंट हातावर पोट असलेले, शुगर बीपी गुडघे सगळं एकदमच असतं. डॉक्टर व्यायामाची चिठ्ठी देतात, गेल्या महिन्यात अकरा जणांना दिली, आले दोघं. बाकीच्यांना विचारलं तर म्हणतात दिवसभर उभंच असतो की, अजून कुठला व्यायाम. आळशी आहेत असं म्हणवत नाही हो मला, पण गोळ्या वाढत चाललेल्या बघून जीव तुटतो. कोणी काही करून बघितलंय का?

वॉर्डातली सिस्टर:
चिठ्ठी हातात देऊन सोडलं की पेशंट गेलाच समजा. आम्ही तो समोर बसलेला असतानाच व्यायाम घेणाऱ्या बाईंना फोन लावतो, दोघांचं बोलणं करून देतो आणि वार-वेळ तिथंच ठरवतो. आणि दरवेळी दोनच प्रश्न, आठवड्यात किती दिवस भरभर चालणं वगैरे होतं आणि त्या दिवशी किती मिनिटं. उत्तर बीपीच्या शेजारी केसपेपरवर लिहायचं.

जनरल_डॉक्टर:
सिस्टरना अनुमोदन. 2002 मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला होता, डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा. आहार-व्यायामाने डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने 31. पण लोक हे विसरतात की त्यात प्रत्येकामागे एक कोच होता, 16 धडे समोर बसवून घेतले होते. न्यूझीलंडमध्ये 1998 पासून ग्रीन प्रिस्क्रिप्शन, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेली व्यायामाची चिठ्ठी, आहे, तिथंही लिहून दिल्यावर फोनवर पाठपुरावा होतो. आपण नुसता कागद देतो आणि पेशंट ऐकत नाही म्हणतो.
एक काळजी घ्या, इन्सुलिनवाल्यांना शुगर उतरल्याची लक्षणं आधी समजावा, पायाला जखम आहे का बघा, चालताना छातीत दुखतं म्हणाले तर व्यायाम थांबवून आधी तपासणी.

लेक:
माझी आई अशीच पेशंट आहे म्हणून लिहिते. ती दिवसभर वाकून काम करते, तिला "व्यायाम करा" म्हटलं की अपमान वाटतो, आपलं काम कुणी धरतच नाही असं. एका फिजिओंनी आधी तिचा अख्खा दिवस विचारून घेतला, मग खुर्चीवरून हात न टेकता उठायचं दहा वेळा आणि कामावर जाताना थोडं भरभर चालायचं, बस एवढंच दिलं, ते ती करते.

जनरल_डॉक्टर:
बरोबर आहे. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही अट जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये काढूनच टाकली. आठवड्याची 150 मिनिटं तुकड्यातुकड्याने भरली तरी चालतात. फक्त दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे हवेत, ते उठणं-बसणं त्यातच आलं.

फिजिओताई:
अगदी मनातलं बोललात सगळे, उद्यापासून फोन माझ्याच टेबलावरून लावते. पण सिस्टर, नंतरचा पाठपुरावा कधी करता? दिवसा कामावर असतात, उचलत नाहीत.

वॉर्डातली सिस्टर:
वेळ त्यांनाच विचारून केसपेपरवर लिहून ठेवते. आणि फोन नक्की कोणाकडे असतो तेही विचारा, बऱ्याच घरात एकच असतो आणि तो मुलाकडे.