मदत हवी आहे: घरी राहायला आलेली फॉरेनची पोरगी जेवतच नाही

पऱ्हाटीवाला
मंडळी, लवकर सांगा. आमच्या घरी वर्षभरासाठी बाहेरदेशाची पोरगी राहायला आली आहे. व्हॉलंटिअर आहे, इथल्या संस्थेत काम करते. रात्री ताटावर बसली की अर्धी भाकर, दोन घास भात, की झालं. "बस" म्हणते अन् खोलीत जाऊन दार लावून घेते. पाणीही धड पीत नाही. आईनं वडाभात केला, पाटवडी केली, कटुल्याची भाजी केली, सगळं तसंच. आता आई म्हणते माझ्या हाताला चवच नाही राहिली. बाबा म्हणतात संस्थेवाल्याला फोन लाव, घेऊन जा म्हणा. महालक्ष्म्या तोंडावर आल्या, घर पाहुण्यानं भरणार, त्यात हे. काय खाऊ घालावं ते सांगा. रेसिपी असेल तर रेसिपी द्या.

ठेचा स्पेशल
कोण्या देशाची? वय काय? आली केव्हा? भाषा कोणती बोलते? एवढं तर सांग राजा. जपानच्या पोरीले अन् ब्राझीलच्या पोरीले एकच रेसिपी देऊ काय?

पऱ्हाटीवाला
जर्मनी. एकोणीस वर्षांची. राखीच्या आधी आली. इंग्रजी येते, मराठी थोडी थोडी. गाव राळेगाव तालुक्यात. झालं? आता रेसिपी.

संत्रानगरी
ती नक्की वीगन असणार. आजकाल तिकडची पोरं दूध-तूप काहीच घेत नाहीत. तुमच्या आईनं वरणावर तुपाची धार सोडली असेल, ती संकोचानं बोलत नसेल. तूप, दही, ताक बंद करा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी द्या. मी स्वतः दीड वर्षापासून दूध सोडलं, गुडघेदुखी गेली.

पऱ्हाटीवाला
वीगन नाही. सकाळी दही खाते, पनीर आवडते.

संत्रानगरी
काही जण बाहेर खातात आणि मनातून वीगन असतात.

मुक्काम पुणे
तिखट कमी करा. विदर्भातला रस्सा आम्हालाच झेपत नाही, ती तर युरोपातली.

ठेचा स्पेशल
आला पुण्याचा सल्ला. भाऊ, सावजी हॉटेलात असते, घरात रोज नसते. घरी वरण-भात-भाजी-पोळीच असते आमच्या इकडे. तिखट पाहायचं असेल तर कोल्हापूरले जा.

मुक्काम पुणे
कोल्हापूरचं तिखट नसतं, झणझणीत असतं. फरक आहे.

सातबारा
मंडळी, भाजीचं नंतर पाहा. फॉर्म सी (आता त्यालाच फॉर्म तीन म्हणतात) भरला काय? विदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांत ज्याच्या घरी उतरला त्यानं ऑनलाइन कळवावं लागते. आणि व्हिसा १८० दिवसांच्या वरचा असेल तर तिनं आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. नागपूर-मुंबईला जायची गरज नाही, ऑनलाइन अर्ज होतो, आपल्याकडे जिल्ह्याचे एसपीच ते काम पाहतात. राखीच्या आधी आली म्हणता, म्हणजे १४ दिवस होऊन गेले.

ठेचा स्पेशल
काका, तो फॉर्म लॉजवाल्यासाठी असते.

सातबारा
लॉजवाल्यासाठीही आणि घरमालकासाठीही. तलाठी म्हणून आयुष्य गेलं, कागदाचं मला सांगू नका. संस्थेनं भरला म्हणत असतील तर पावती पाहा. तोंडी भरवशावर राहू नका.

पऱ्हाटीवाला
संस्थेनं केलं असेल काका. मी जेवणाचं विचारतो आहे.

उलट्या दिशेची
मी अमरावतीची. बहुतेक ती वेल्टवेर्ट्समधून आली असेल. जर्मन सरकारच्या पैशावर चालतो हा कार्यक्रम, २००८ पासून, १८ ते २८ वयाच्या मुलांसाठी. २०१३ पासून त्यातच आपल्याकडची मुलं तिकडे जातात, तशी मी गेले. श्टुटगार्टजवळच्या एका खेड्यात, एका कुटुंबात राहायला.
पहिल्या आठवड्यात मी उपाशी झोपायचे. का, तर त्या बाईंनी "अजून घेणार?" विचारलं की मी सवयीनं नको म्हणायचे. मला वाटायचं पुन्हा विचारतील. त्या भांडं उचलून आत न्यायच्या. तिकडे नको म्हणजे नको. तुमच्याकडे उलटं होत असेल: ती बस म्हणते, आई वाढतच राहते, मग ती ताटावरून पळते.
दुसरं, तिथे बऱ्याच घरी गरम जेवण दुपारी. संध्याकाळी सहा-सातला पाव, चीज, काकडीच्या चकत्या, की झालं. तुम्ही किती वाजता जेवता?

पऱ्हाटीवाला
बाबा वावरातून येतात, आंघोळ, बातम्या, मग नऊ-साडेनऊ. कधी दहा. हो, वेल्टवेर्ट्सच आहे.

उलट्या दिशेची
अहो दहाला! आणि दार लावून घेणं म्हणजे रुसणं नाही. तिथे घरातली माणसंही आपापलं दार लावतात. तुमच्या बाबांना हे सांगा. आणि त्या कार्यक्रमात प्रत्येकाला इथला एक मेंटर दिलेला असतो. संस्थेच्या साहेबांना नको, त्या मेंटरला फोन करा.

वावरातला वाघ
खोलीत बसवून ठेवलं तर भूक कशी लागेल? शेतात न्या. सोबत निंदायला लावा. संध्याकाळी चार भाकरी खाईल. आमच्याकडे शहरातला भाचा असाच सुधरला.

अंगणवाडी ताई
भाऊ, आता फवारणीचे दिवस आहेत. २०१७ ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते विसरलात काय? नवीन पोरीला पऱ्हाटीत नेऊ नका.
पऱ्हाटीवाले भाऊ, मला दोन गोष्टी सांगा. दिवसा जेवते की तेव्हाही असंच? आणि संडास घरात आहे की बाहेर?

पऱ्हाटीवाला
दुपारी संस्थेत जेवते. तिथं तर मागून घेते म्हणे, म्हणूनच आईला जास्त लागलं. संडासचा काय संबंध? मागे सांदवाडीत आहे. पक्का आहे, टाइल्स लावल्या आहेत.

अंगणवाडी ताई
तिथवर लाइट आहे?

पऱ्हाटीवाला
मागचा बल्ब पोळ्याच्या पावसात गेला. आम्हाला सवय आहे, मोबाईलच्या उजेडात जातो.

अंगणवाडी ताई
कुत्रं?

पऱ्हाटीवाला
आहे. रात्री मोकळंच असते, राखणीला. काही करत नाही ते.

अंगणवाडी ताई
तुम्हाला काही करत नाही. भाऊ, गावातल्या नव्या सुना हेच करतात. अंधारात उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी सोडतात, रात्री दोन घास खातात. मग लघवीची जळजळ घेऊन दवाखान्यात येतात. सासूला वाटते पोरीला सासरचं जेवण आवडत नाही. आता पावसाळा आहे, घोणस-मण्यार निघतात, हे तिला संस्थेत पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. घरातल्या बाईनं विचारा तिला. तुम्ही किंवा बाबांनी विचारू नका.

संत्रानगरी
संडासाचा आणि जेवणाचा असा थेट संबंध जोडणं मला पटत नाही. दह्यानेही पोट बिघडू शकतं.

ठेचा स्पेशल
ताईनं बरोबर पकडलं. पण फक्त बल्ब लावून होत नाही, इनव्हर्टर घ्या. आमच्या गावात बाजारच्या दिवशी हमखास लाइन जाते. कोणता इनव्हर्टर चांगला याचा मी वेगळा धागा काढला होता, कोणी उत्तर दिलं नाही.

पऱ्हाटीवाला
वहिनीनं विचारलं. अंधाराचं एवढं नाही म्हणे, कुत्र्याचं आहे. आल्यावर दुसऱ्याच रात्री मागे लागलं होतं, कोणाला सांगितलं नाही. सातलाच भूक लागते, दहापर्यंत मरून जाते. खोलीत बिस्किटाचे पुडे ठेवले आहेत तिनं. आई ते ऐकून आणखीनच रडली. बाबा म्हणतात पोरीनं सांगायले पाहिजे होतं, आम्ही काय वाघ आहो काय.
बल्ब लावला. कुत्रं रात्री पुढच्या वट्ट्यावर बांधतो. सात वाजता वहिनी अन् लेकरं जेवतात, त्यांच्यासोबत बसते आता. काल दोन भाकरी खाल्ल्या. दार अजून लावूनच घेते.

उलट्या दिशेची
दाराचं सोडून द्या हो.

अंगणवाडी ताई
एक टॉर्च तिच्या खोलीत ठेवा, लाइन गेली तर. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या चिरायच्या असतात, वहिनीसोबत तिला विळीवर नको, चाकू-पाटावर बसवा. आंबील थोडी वाटीत द्या, पानभर वाढू नका. आणि रात्री पाहुणे कुठे झोपणार ते आधी ठरवा. तिच्या खोलीत चार मावशा घुसवल्या तर पुन्हा पहिले पाढे.

पऱ्हाटीवाला
तेच ठरलं होतं ताई. आता मावशा छपरीत झोपतील. आईला कसं सांगावं ते मी पाहतो.

सातबारा
फॉर्म?

पऱ्हाटीवाला
काका, मेंटरकडून मागवलं. तिची नोंदणी झाली आहे, पण फॉर्म सी वर पत्ता संस्थेच्या ऑफिसचा टाकला आहे, आमच्या घराचा नाही. आता काय करू?

सातबारा
फोन नंबर संदेशात पाठवा. आजच बोलू. आणि पोलीस पाटलाला घरी चहाला बोलवून कानावर घालून ठेवा.