वजन उतरलं पण बसायची सवय उतरत नाहीये! बॅरिॲट्रिक (वजन कमी करायची) सर्जरी झालेल्यांनो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी स्लीव्ह सर्जरी होऊन सात महिने झाले. ११८ वरून ८६ किलोवर आलेय. भेटेल तो म्हणतो काय बारीक झालीस गं, आणि मला मनातून कसंनुसं होतं, कारण पोट छोटं केलं डॉक्टरांनी, मी फक्त कमी खातेय.

तर अडचण अशी. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच सिस्टरनी उठवून चालवलं होतं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. तेव्हा मुकाट चालले. घरी आल्यावर महिनाभर फेऱ्या मारल्या, मग ऑफिस सुरू झालं आणि संपलं सगळं. तरी फॉलोअपला डायटिशियनना सांगून आले की रोज पाऊण तास चालते. परवा सहज मोबाईलमधलं पावलं मोजायचं ॲप उघडलं तर आठवड्याचं ॲव्हरेज ३१००!! खोटं बोलले नव्हते हो, मला खरंच तसं वाटत होतं.

आधी गुडघ्यांचं निमित्त असायचं. आता गुडघे बरेच बरे आहेत तरी कुठेही गेलं की डोळे आधी खुर्ची शोधतात, त्यातही बिनहाताची, कारण हातवाल्या खुर्चीत मी अडकायचे. आता त्यात आरामात मावते, तरी तीच शोधते.

शिवाय भरभर चाललं की तहान लागते आणि गटागटा पाणी तर पिता येत नाही, छातीत दाटून येतं. आणि ताकद गेल्यासारखी वाटते, खाली बसलं तर उठताना हात टेकावा लागतो. ११८ किलोची असतानाही टेकायचे म्हणा, पण आता का?

तुम्ही हालचालीची सवय कशी लावलीत? वजनं उचलायला कधी सुरुवात केलीत? 'पहाटे उठा, मन घट्ट करा' छाप सल्ले प्लीज नकोत, ते वीस वर्षं ऐकलेत.

---

प्रतिसाद १:
ताई, माझं गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचं नाही, वजनासाठी पोट छोटं करून आतड्याला जोडतात ते) होऊन चार वर्षं झाली. ताकदीचं म्हणाल तर वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी नाही जात, स्नायूही जातात, आणि नुसत्या चालण्याने ते परत येत नाहीत. जड उचलायची बंदी साधारण पहिले ४ ते ६ आठवडे असते, तुम्हाला सात महिने झालेत, तेव्हा सर्जनना एकदा विचारा आणि सुरू करा. जिमच पाहिजे असं नाही. मी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायचो, भिंतीला टेकून पुशअप्स, नंतर रबरी बँड. एक दिवसाआड. प्रोटीन दिवसाला निदान ६० ग्रॅम जातंय का तेही बघा, नाहीतर व्यायाम करून उपयोग नाही.

पाणी चालायच्या आधी तासभर घोट घोट घ्यायचं, चालताना फक्त घसा ओला करायचा. गोड एनर्जी ड्रिंकच्या नादी लागू नका, मला एकदा असलं डंपिंग (गोड पोटातून भसकन आतड्यात उतरून होणारा त्रास) झालं की घाम, धडधड, रस्त्यातच बसलो. आणि फार दम लागत असेल तर लोह, बी१२ तपासून घ्या. अंग दुखलं म्हणून मनाने आयबुप्रोफेन नको, आपल्या पोटाला अल्सरचा धोका असतो.

प्रतिसाद २:
पावलांचं माझंही सेम झालं होतं 😄 आठवड्याला व्यायामाची १५० मिनिटं म्हणतात ती एकदम करायची नाहीत, मी दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडले. फोन वाजला की उभं राहायचं, बोलणं संपेपर्यंत बसायचं नाही. एवढा एकच नियम. पण लावून घ्या आत्ताच, कारण पहिल्या वर्षी काही न करताही काटा खाली जातो. नंतर भूक परत येते, तेव्हा सवय लावायला बसलं तर जड जातं, अनुभवाने सांगतेय.

---

धागाकर्ती:
दोघांनाही थँक्यू. आत्ता टाईप करता करता उठबस करून बघितली, सहा झाल्या, सातव्याला हात टेकला. ब्लड रिपोर्ट शोधते कुठे ठेवलेत ते. आणि पुढच्या फॉलोअपला डायटिशियनना ते ३१०० दाखवणारे, ओरडतील पण चालेल.