एन्टँगलमेंटने प्रकाशाच्या आधी निरोप पोचवता येईल का?

प्रश्न:
२०१७ साली चीनच्या ‘मिशियस’ उपग्रहाने गुंफलेल्या (एन्टँगल्ड) फोटॉनांच्या, म्हणजे ज्यांच्या मोजणीचे निकाल एकमेकांशी जोडलेले असतात अशा प्रकाशकणांच्या, जोड्या देलिंगहा आणि लिजियांग या १,२०० किलोमीटरवरच्या दोन केंद्रांकडे पाठवल्या. हे अंतर कापायला प्रकाशाला चार मिलिसेकंद लागतात. देलिंगहाला ध्रुवीकरण (फोटॉनाच्या कंपनाची दिशा) मोजताक्षणीच लिजियांगच्या फोटॉनाची अवस्था ठरत असेल, तर सरळ मोजले की ‘हो’ आणि तिरके मोजले की ‘नाही’, असा संकेत आधीच ठरवून निरोप का पाठवता येऊ नये? प्रकाशाहून वेगाने निरोप गेला तर सापेक्षतेच्या सिद्धांताला बाध येतो, एवढ्याने माझे समाधान होत नाही.

उत्तर १:
आपण लिजियांगला उभ्या गाळणीपाशी (जी उभे फोटॉन पार सोडते आणि आडवे अडवते) वही घेऊन बसला आहात असे समजा. देलिंगहाला सरळ मोजले, तर आपल्याकडचा फोटॉन उभा किंवा आडवा असतो, म्हणजे निम्मे फोटॉन पार होतात. तिरके मोजले, तर तो ४५ किंवा १३५ अंशांत असतो आणि त्या दोन्हींची उभ्या गाळणीतून पार होण्याची शक्यता निम्मीच असते. तिथे काहीच मोजले नाही, तरी आपल्या वहीत तीच निम्मी-निम्मी नोंद होते. परस्परसंबंध दिसतो तो दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि दुसरी वही नेहमीच्याच मार्गाने यावी लागते. मिशियसवर सेकंदाला सुमारे ५९ लाख जोड्या तयार होत आणि जमिनीवर सेकंदाला जेमतेम एक हाती लागे. तीही दोन्हीकडच्या वेळेच्या नोंदी जुळवूनच ओळखता आली.

प्रश्नकर्ता:
वहीचे पटले. पण मोजण्याआधी त्या एका फोटॉनाच्या हजार नकला काढल्या, तर तो सरळ आहे की तिरका, हे कळणार नाही का?

उत्तर २:
नकला निघाल्या असत्या, तर नक्कीच कळले असते. भौतिकशास्त्रज्ञ निक हर्बर्ट यांनी १९८२ मध्ये हाच प्रस्ताव मांडला होता. नकला काढण्याचे काम त्यांनी लेसरवर सोपवले होते. त्याच वर्षी वूटर्स व झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, अशी नक्कल अशक्य असल्याचे सिद्ध केले. जे यंत्र उभ्याचे दोन उभे आणि आडव्याचे दोन आडवे करते, त्यात तिरका फोटॉन घातला, तर दोन तिरके निघत नाहीत. ‘दोन्ही उभे’ आणि ‘दोन्ही आडवे’ यांची गुंफलेली अवस्था निघते. मला हर्बर्ट यांची चूक फार मोलाची वाटते, कारण ती नेमकी कुठे आहे हे शोधतानाच हे प्रमेय हाती आले. क्वांटम सांकेतिक किल्लीची, म्हणजे गुप्त संदेशांसाठी फोटॉनांतून पाठवलेल्या किल्लीची, सुरक्षितताही त्यावरच उभी आहे: वाटेत फोटॉन पकडणाऱ्याला त्याची नक्कल ठेवून मूळ फोटॉन जसाच्या तसा पुढे धाडता येत नाही.