मदत हवी आहे: नववीसाठी 'पृथ्वी आणि अवकाश' हा वर्षभराचा उपक्रम कसा आखावा?

कृष्णाकाठ

वाई तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा आहे. जूनपासून नववीच्या ४२ मुलांसाठी पृथ्वी व अवकाश विज्ञानाचा वर्षभराचा उपक्रम सुरू करायचा आहे. दर शनिवारी ८० मिनिटांचा जोड तास मिळेल. परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन वजा जाता २६ शनिवार हाती राहतात. साहित्यासाठी १२ हजार रुपये मंजूर आहेत. प्रयोगशाळेत भिंगं, तापमापी, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्रोजेक्टर आहे. इंटरनेट भरवशाचं नाही.

पाठ्यपुस्तकात हा विषय एका जागी नाही. खडक आणि भूकंप भूगोलात, दुर्बिणी विज्ञानात, गुरुत्वाकर्षण आणि अवकाश मोहिमा थेट दहावीत. म्हणून कच्चा क्रम असा लावला आहे: विश्व, सूर्यमाला, चंद्र, पृथ्वीचं अंतरंग, खडक, शेवटी हवामान.

१) हा क्रम बरोबर आहे का?
२) खडकांचे नमुने कुठून आणायचे? आमच्याकडे काळ्या दगडाशिवाय काही नाही आणि विकतचे संच महाग आहेत.
३) दुर्बीण घ्यावी का?
४) मुलांनी स्वतः मोजून काढलेले आकडे वहीत यायला हवेत, नुसते व्हिडिओ नकोत. त्यासाठी कोणते प्रयोग खात्रीचे आहेत?

---

व्याध

ताई, क्रम पूर्ण उलटा करा. तुमच्या आखणीत आकाश जून ते सप्टेंबरात येतं, तेव्हा वाईला महिनोन्महिने तारा दिसणार नाही. हवामान फेब्रुवारीत येतं, तेव्हा मोजायला थेंबही नसेल. पुस्तकाचा क्रम बाजूला ठेवा आणि ऋतू जे देईल ते त्या वेळी घ्या. जून ते सप्टेंबर पाऊस, नदी, माती. सहामाहीच्या आगेमागे खडक आणि भूकंप, ते वर्गात होतात. दिवाळीनंतर सूर्य, चंद्र, तारे. घाटातली सहल डिसेंबर-जानेवारीत.

शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो) बऱ्याच जणांना आखणीत हवा असतो. तुमच्या अक्षांशाला (१७.९५) तो ११-१२ मे आणि १ ऑगस्टच्या आसपास येतो. एक सुट्टीत, दुसरा ढगांत. त्यावर तास राखून ठेवू नका, आकाश उघडलं तर मधल्या सुट्टीत बघा.

चंद्रासाठी रात्रीच हवी असं नाही. शनिवारी तुमची सकाळची शाळा असणार. कृष्ण सप्तमी-अष्टमीच्या जवळ येणारा शनिवार दिनदर्शिकेत शोधा. सकाळी आठला चंद्र पश्चिमेकडे बऱ्यापैकी वर असतो. मुलांना मैदानात उन्हात उभं करा आणि हात लांब करून पांढरा चेंडू चंद्राच्या अगदी शेजारी धरायला सांगा. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसतो तेवढाच चंद्राचाही, आणि उजेडाची कडसुद्धा त्याच बाजूला. ४२ चेंडू नकोत, चुना फासलेली लिंबंही चालतात. चंद्राच्या कला म्हणजे पृथ्वीची सावली हा गैरसमज इथे सुटतो, कारण चेंडूवर पृथ्वीची सावली पडलेली नाही हे समोर दिसतं.

हाच प्रयोग अंधाऱ्या खोलीत बल्ब लावून करतात, तेव्हा पौर्णिमेला मुलाच्या डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि दर महिन्याला ग्रहण होतं. चेंडू डोक्याच्या थोडा वर धरायला लावा. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, हे तिथेच सांगून टाका.

तिथीचा उपयोग करा. सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी पूर्ण होते. ३० तिथी गुणिले १२ म्हणजे ३६०. घरच्या दिनदर्शिकेत हा कोन रोज छापलेला असतो, मुलांना फक्त तो वाचता यायला हवा.

---

काळापाषाण

नमुन्यांसाठी एक रुपयाही घालवू नका. फरशीवाल्याच्या दुकानामागे तुकड्यांचा ढीग असतो. तिथून शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर, धोलपुरी आणि ग्रॅनाईटचे तळहाताएवढे तुकडे आणा. जांभा पाचगणीचा. काळा दगड (बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा) दारात आहेच. पहिल्या तासाला मुलांनीच गट पाडायचे, नावं नंतर.

आम्लाची चाचणी गुळगुळीत बाजूवर करू नका. पॉलिश किंवा मेण असलं की थेंब तसाच बसून राहतो आणि मुलं 'फेस नाही' असं लिहून मोकळी होतात. तुटलेल्या कडेवर खिळ्याने ओरखडा काढा, पांढरी पूड पडली की त्यावर १० टक्के आम्लाचा एकच थेंब. शहाबादी, कोटा, कडप्पा तिन्ही चुनखडक, लगेच फसफसतात. संगमरवर कधी जोरात, कधी मंद; मंद असेल तर त्यात डोलोमाईट (मॅग्नेशियम असलेलं चुनखडीसारखं खनिज) आहे, त्याची पूड केली की फेस वाढतो. ग्रॅनाईट आणि काळा दगड गप्प राहतात. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही, आणि डोळ्यांना चष्मे हवेतच. व्हिनेगर घेतलं तर फेस इतका बारीक येतो की भिंगाशिवाय दिसत नाही.

दुकानात 'काळा ग्रॅनाईट' म्हणतात तो बहुधा ग्रॅनाईट नसतो, गॅब्रो किंवा डोलेराईट असतो. तो टाकू नका, उलट काळ्या दगडाशेजारी ठेवा. एकाच प्रकारचा शिलारस (वितळलेला खडक) जमिनीखाली सावकाश निवला की मोठे स्फटिक, वर पटकन निवला की डोळ्यांना न दिसणारे. तुलनेला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

विहीर खणलेल्या किंवा रस्ता फोडलेल्या जागी भोकं असलेला काळा दगड बघा. भोकांत पांढरं काही भरलेलं असतं. सुरीने सहज ओरखडा निघाला आणि आम्लावर फेस आला तर कॅल्साईट (काठिण्य ३). फेस नाही आणि पंख्यासारखे किंवा पात्यांसारखे स्फटिक असले तर झिओलाईट असण्याची शक्यता मोठी. काच ओरखडली गेली तर क्वार्ट्झ (काठिण्य ७).

सहल पसरणी घाटात न्या. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांचा एक अधिकृत गट तुमच्या गावाच्या नावाने ओळखला जातो: वाई उपगट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे ते थर. वाई ते पाचगणीचं पठार या सहाशेएक मीटर चढात थरांच्या पायऱ्या आणि टोकाला जांभ्याची टोपी दिसते. काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. तो सापडला की मुलांना एकच प्रश्न विचारा: दोन लाव्ह्यांच्या मध्ये माती कशी आली? उत्तर सांगू नका, त्यांना वेळ द्या. पावसाळ्यात दरडीचा धोका आणि दिवाळीपर्यंत गवत, म्हणून त्याआधी जाऊ नका. वळणावर ४२ मुलं उतरवणं धोक्याचं आहे. गाडी बाजूला लागेल अशा दोनच जागा आदल्या आठवड्यात जाऊन ठरवा.

---

कृष्णाकाठ

फरशीच्या तुकड्यांचं डोक्यातही आलं नव्हतं, फार आभार. पावसाबद्दल विचारते. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा पर्जन्यमापक चालेल का? पाचगणी आणि महाबळेश्वरच्या शाळांनाही सामील करून घ्यायचं आहे. भूकंपासाठीही काही मोजता येईल का?

---

ओळंबा

वाईत बाटली चालेल, महाबळेश्वरात नाही. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे पडतो, आणि जुलैत एका दिवसात २०० मिमीच्या वर गेला की बाटलीचा सरळ भाग भरून वाहतो. तिन्ही शाळांनी सारखंच साधन वापरा: १० सेंमी व्यासाचं नरसाळं आणि पाच लिटरचा कॅन. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी, म्हणून १ मिमी पाऊस म्हणजे ७.८५ मिली पाणी. कॅनमधलं पाणी मोजपात्राने मोजायचं आणि ७.८५ ने भागायचं. ३०० मिमी पडला तरी २.४ लिटरच होतं.

नरसाळ्याच्या काठाला उभी पट्टी हवी, नाहीतर जोराच्या सरीत थेंब आदळून बाहेर उडतात आणि आकडा कमी येतो. प्लॅस्टिकच्या डब्याचा बूड कापलेला कडा बसवा आणि व्यास त्या कड्याचा मोजा, कारण भागाकार त्यावरच अवलंबून आहे. झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या दुप्पट लांब ठेवा. नोंद सकाळी ८.३० ला, हवामान खात्याची वेळ तीच आहे, म्हणजे तुलना करता येते. रविवारची नोंद राहिली तर सोमवारी 'दोन दिवसांचा एकत्र' असं लिहा, निम्मानिम्मा वाटू नका. तिशी-पस्तीस किलोमीटरच्या टापूत पाऊस किती झपाट्याने घटतो, ते ऑगस्टअखेर तुमच्या आलेखावर दिसेल. पर्जन्यछाया शिकवायला वेगळा तास लागणार नाही.

भूकंपाचं गणित तोंडी होतं. भूकंपाच्या आधी पोचणाऱ्या वेगवान पी आणि मागून येणाऱ्या एस लाटांच्या आगमनात जेवढ्या सेकंदांचा फरक, त्याला ८ ने गुणलं की अंदाजे किलोमीटर. कोयनानगर तुमच्यापासून सरळ रेषेत साधारण ६० किमी, म्हणजे तिथला धक्का वाईत ७-८ सेकंदांच्या फरकाने दोनदा पोचतो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जिल्ह्यातल्या घराघरात ठाऊक आहे, तिथून सुरुवात करा. तीन केंद्रांचे सेकंद देऊन नकाशावर कंपासने वर्तुळं काढायला लावा. ती एका बिंदूत मिळणार नाहीत, मध्ये छोटा त्रिकोण राहील, कारण केंद्र जमिनीखाली खोल असतं आणि ८ हा आकडा अंदाजी आहे. तो काहीशे किलोमीटरपर्यंतच वापरा. हजार-दोन हजारांवर लाटा खोलातल्या वेगवान थरांतून येतात आणि उत्तर कमी निघतं.

तुमच्या चौथ्या प्रश्नासाठी सगळ्यांत मोलाचा प्रयोग म्हणजे पृथ्वीचा परीघ. लोक तो २३ सप्टेंबरला करायला जातात आणि ढगांत अडकतात. विषुवदिनाची गरजच नाही, उत्तर-दक्षिण लांब असलेल्या दोन गावांत एकाच दिवशी काठीची मध्यान्हीची सावली मोजली की पुरे. सावलीवरून सूर्याचा कोन निघतो; दोन कोनांतल्या फरकाला गावांमधलं अंतर, तर ३६० अंशांना किती, तो परीघ. डिसेंबर घ्या. जोडीदार शाळा उत्तरेला जितकी लांब तितकं चांगलं. नंदुरबार (अक्षांश २१.३७) धरलं तर फरक ३.४२ अंश, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३८० किमी. एक मीटरच्या काठीची सावली वाईत ८८ सेंमीच्या आसपास, नंदुरबारला ९९.

१ मीटरचा सरळ गज कुंडीत वाळू-सिमेंटमध्ये उभा करा, दोन बाजूंनी ओळंबा लावा. खाली प्लायवूड, पाणसळीने समतल. सूर्य बिंदू नाही, म्हणून सावलीचं टोक दीडेक सेंमी पुसट येतं आणि तिथेच सगळा घोळ होतो. गजाच्या टोकाला ५ मिमी भोकाचा पुठ्ठा आडवा लावा. फळीवर उजेडाचा गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य मोजा. उंची फळीपासून भोकापर्यंतची आणि लांबी भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून. घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. तुमच्याकडे डिसेंबरात ती साडेबाराच्या आसपास येते, म्हणून १२.१५ ते १२.४५ दर पाच मिनिटांनी खुणा करा आणि सर्वांत आखूड सावली घ्या. शनिवारी शाळा आधी सुटते, पालकांना चिठ्ठी पाठवून मुलांना थांबवावं लागेल.

अंतर एसटीच्या तिकिटावरचं घेऊ नका. रस्ता वळतो, परीघ फुगतो. नकाशावरून फक्त उत्तर-दक्षिण अंतर घ्या. दोन्ही कोनांत मिळून ०.२ अंश चूक झाली तरी उत्तर ६ टक्क्यांनी हलतं. गुण उत्तराला देऊ नका, चूक कुठून आली हे मुलाने लिहिलं असेल तर त्याला द्या.

---

व्याध

दुर्बिणीचं राहिलं. खोक्यावर '५२५ पट' छापलेली ६० मिमीची दुर्बीण घेऊ नका. भिंगाच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे इथे १२० पट, ही कामाची कमाल मर्यादा. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, तपशील वाढत नाही. डळमळणारी तिपाई ही त्याहून मोठी अडचण, एक मूल बघून हटलं की गुरू चौकटीबाहेर गेलेला असतो. १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; १० पट, ५० मिमी भिंग) घ्या आणि तिपाईवर बसवा. चंद्रावरची विवरं, गुरूचे चंद्र, कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ दिसतो. शनीचं कडं दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांगा. सूर्याकडे ती कधीही वळवायची नाही, हा नियम साधन हातात देण्याआधी.

आकाशदर्शनाची संध्याकाळ शुक्ल पंचमी ते अष्टमीच्या दरम्यान ठेवा. पौर्णिमेला चंद्रावर सावल्या नसतात, विवरं सपाट दिसतात. स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं संगणक सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं, आदल्या शनिवारी प्रोजेक्टरवर तेच आकाश दाखवून ठेवा.

---

काळापाषाण

द्विनेत्रीबद्दल थोडं वेगळं मत. ४२ मुलांना एक पुरणार नाही, दोन घ्या. खडकांचे पैसे वाचलेच आहेत.

आणि दोन मापं मैदानावर जरूर करा. १ सेंमी म्हणजे १ लाख किमी: सूर्य १४ सेंमीचा, पृथ्वी मोहरीएवढी १५ मीटरवर, चंद्र तिच्यापासून ३.८ सेंमीवर, गुरू ७८ मीटरवर. नेपच्यून साडेचारशे मीटरवर जातो, तो रस्त्यावर दाखवा. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा याच मापाने ४ हजार किलोमीटरवर. काळासाठी ४६ मीटर सुतळी, १ सेंमी म्हणजे १० लाख वर्षं. पसरणी घाटाचा दगड शेवटून ६६ सेंमीवर, आपली मानवजात शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये.

---

कृष्णाकाठ

क्रम बदलला. पहिल्या शनिवारी नरसाळी आणि कॅन, दिवाळीआधी फरशीचे तुकडे. नंदुरबार, शहादा, तळोदा भागातले कोणी शिक्षक इथे आहेत का? डिसेंबरचा तिसरा शनिवार धरला आहे.

---

तापीतीर

शहाद्याहून. आमचा अक्षांश २१.५५, म्हणजे तुमच्याशी ३.६ अंश आणि उत्तर-दक्षिण ४०० किमी. तिसरा शनिवार चालेल. पाणसळ आणि पुठ्ठ्याचं भोक दोन्हीकडे सारखं ठेवू. ढग आले तर लगेच पुढचा शनिवार, पण एका गावाची आजची आणि दुसऱ्याची उद्याची सावली जोडायची नाही. खुणांच्या कागदाचा फोटो त्याच दुपारी पाठवा, कोन मुलंच काढतील.