सोसायटीतली जुनी विहीर : दोन पोती ब्लीचिंग टाकून पाणी प्यायला चालेल का?

नौपाड्याची_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. ठाण्याच्या नौपाड्यात आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. आधी इथे वाडा होता, तो पाडून बिल्डिंग उभी राहिली आणि वाड्याची विहीर मागे पार्किंगच्या कोपऱ्यात तशीच राहिली, नशीब बुजवली नाही. व्यास १० फूट, खोली २८ फूट, काळ्या दगडाची रचाई, सध्या १२ फूट पाणी आहे. एका बाजूने पिंपळ फुटलाय, वर गंजलेली जाळी, आणि जाळीवर गेली चार वर्षं कुणाची तरी सायकल उभी आहे जिचा मालक सापडत नाही.

मधूनमधून चोवीस तासांचा शटडाऊन लागला की टँकरसाठी धावाधाव होते, म्हणून मीटिंगमध्ये ठरलं की विहीर साफ करून वापरात आणायची. सासूबाई म्हणतात याच पाण्यात तूरडाळ एका शिट्टीत शिजायची. एक साफसफाईवाला बघून गेला, तो म्हणतो दोन माणसं उतरवतो, एका दिवसात गाळ काढून देतो, वरून ब्लीचिंगची दोन पोती मारा आणि बिनधास्त प्या. पोतं २५ किलोचं. पाण्याला थोडा नाल्यासारखा वास येतो, पावसाळ्यात जास्त येतो. दोन पोती पुरतील का अजून लागतील? कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा, रविवारी मीटिंग आहे.

पाणीखात्यातला_निवृत्त

ताई, पुरतील का म्हणून काय विचारताय, दोन पोत्यांत लहान स्विमिंग पूल मरेल! हिशोब करून बघा. १० फूट म्हणजे ३ मीटर व्यास, १२ फूट म्हणजे ३.६ मीटर पाणी. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले पाण्याची उंची, झालं साधारण २५ घनमीटर, म्हणजे २५ हजार लिटर. रोजच्या निर्जंतुकीकरणाला चांगली ताजी पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे तुमच्या अख्ख्या विहिरीला ६०-६५ ग्रॅम, एक मूठभर. साफसफाईनंतर एकदा जो जोरदार डोस देतात तो लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरला तरी पावणेचार-चार किलो होतो. तो रात्रभर ठेवायचा, सकाळी सगळं पाणी उपसून टाकायचं, मग वापर. दोन पोत्यांत लिटरला ६५० मिलिग्रॅमच्या आसपास जाईल, डोळे झोंबून तुमचा वॉचमन नोकरी सोडेल.

पावडर विहिरीत कोरडी भिरकावायची नाही. बादलीत आधी लापशीसारखी कालवायची, मग पाणी घालून दहा मिनिटं निवळू द्यायची, खाली चुना बसतो तो फेकायचा आणि वरचं पाणी विहिरीत सोडायचं. उघडं पडलेलं जुनं पोतं घेऊ नका, ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो पण ओल लागली की उडून जातो, मग नुसता चुना विकत घेतल्यासारखं.

आता महत्त्वाचं, आणि हे मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा. तो "दोन माणसं उतरवतो" म्हणतोय ना, तिथे थांबा. वर्षानुवर्षं बंद विहिरीत तळाला जड वायू साठतो, ऑक्सिजन कमी असतो, आणि गाळ ढवळला की सडकं हायड्रोजन सल्फाइड सुटतं. पहिला माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तोही जातो, पेपरात ही बातमी दर उन्हाळ्यात असते. जुने लोक कंदील सोडून बघायचे, कंदील विझला तर उतरायचं नाही हे खरं, पण नाही विझला म्हणजे सगळं ठीक असं मुळीच नाही, विषारी वायू कंदिलाला कळत नाही. गॅस मीटर भाड्याने मिळतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही. आधी दोन-तीन तास ब्लोअरने हवा मारायची, माणसाला छातीचा पट्टा आणि दोर, वर तिघं. आणि डिझेल पंप खाली उतरवून चालवायचा नाही, त्याचा धूर त्याच खड्ड्यात राहतो.

आणि नाल्यासारखा वास पावसाळ्यात वाढतो म्हणालात, ते मला सगळ्यात जास्त खटकतंय. गाळाचा वास उन्हाळ्यात वाढतो, पाणी कमी झालं की. पावसात वाढतोय म्हणजे वरून काहीतरी पाझरतंय. ते सापडेपर्यंत ब्लीचिंग म्हणजे फुटलेल्या माठावर रांगोळी.

मोरबेवाला

एवढा उपद्व्याप कशाला, नवी मुंबईला राहायला या, आमचं स्वतःचं धरण आहे 😄

खाडीकाठचा

@मोरबेवाला भाऊ, तुमच्या सेक्टरात नळ असेल, आमच्या घणसोली गावठाणात सिडको यायच्या आधी विहिरीवरच गाव जगलंय. सिडको १९७० ची, विहिरी त्याच्या कितीतरी आधीच्या.

ताई, आमच्याकडे वैशाखात, पाणी सगळ्यात खाली गेलं की, विहीर उपसायची. आज्या सांगायचा की झऱ्याला गाळ दिसू द्यायचा नाही, नाहीतर झरा रुसतो. त्यात तथ्य होतं, गाळाचा थर झऱ्याच्या तोंडावर बसला की पाणी यायचं कमी होतं. नंतर घरोघरी नळ आले आणि विहीर निर्माल्याची पेटी झाली. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट हार, देव्हाऱ्यातले जुने फोटो, पीओपीचे छोटे गणपती, सगळं आत. तीन वर्षांपूर्वी आम्ही पोरांनी काढलं तेव्हा पाच फूट गाळ निघाला.

आमची चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. साफ झाल्यावर विहीर चकाचक दिसावी म्हणून गवंड्याने आतून वरपासून खालपर्यंत सिमेंटचं प्लॅस्टर मारलं. झरे बुजले. पाणी आधी दिवसात भरायचं ते चार दिवस लागायला लागले, आणि पहिल्याच पावसात मागून पाण्याचा दाब येऊन एका बाजूचं प्लॅस्टर पोटासारखं फुगलं आणि पडलं. मग पुन्हा छिन्नीने काढलं, डबल खर्च.

दुसरं, तुम्ही ठाण्यात आत आहात तरी एकदा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बघा. आमच्याकडे एप्रिलनंतर जास्त उपसा केला की खाडी आत येते, पाणी मचूळ होतं. मीठ ब्लीचिंगने जात नाही की उकळून जात नाही.

पाणीखात्यातला_निवृत्त

खाडीकाठचा, बरोबर. पुस्तकात वरचे २० फूट पक्कं अस्तर लिहिलेलं असतं, म्हणजे जमिनीलगतचं घाण पाणी आत येऊ नये. पण आपल्याकडे वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, पाणी येतं ते मुरूम आणि खडकाच्या सांध्यातून, तो सांधा किती खोल आहे ते विहीर उपसल्यावर डोळ्यांनी दिसतं. ताई, त्याच्या वरचंच अस्तर पक्कं करायचं, सांध्याला हात लावायचा नाही. कठडा अडीच फूट, भोवती तीन-चार फुटांचा ओटा बाहेर उतार देऊन. पिंपळ ओढून काढू नका, मूळ दगड घेऊनच बाहेर येतं. मुळाशी कापायचं, दगडाच्या फटीतलं जेवढं निघेल तेवढं छिन्नीने काढायचं आणि फट भरायची.

परीक्षानळी

मी पाण्याच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे माझं रडगाणं वेगळं. लोक बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत पाणी आणतात, ती बाटली दिवसभर स्कूटरच्या डिकीत असते, आणि मग रिपोर्ट खराब आला की आमच्यावर ओरडतात. लॅबमधून निर्जंतुक बाटली घ्या, क्लोरीन टाकलेल्या पाण्यासाठी वेगळी बाटली मिळते, तिच्यात थायोसल्फेट असतं, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. बर्फात ठेवून सहा तासांत पोचवा.

त्याआधी घरच्या घरी एचटूएसची छोटी बाटली आणा, खुणेपर्यंत पाणी भरायचं, २४ ते ४८ तास ठेवायची, काळी पडली की पाण्यात सांडपाणी आहे असं समजायचं. नाही पडली म्हणून मात्र लगेच प्यायला लागू नका. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही चालत नाही. टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा काहीच सोर्स नसेल तर २००० पर्यंत. नायट्रेट नक्की तपासून घ्या, ४५ च्या वर असेल तर लहान बाळ असलेल्या घरात ते पाणी नको, आणि नायट्रेट जास्त म्हणजे बहुतेक वेळा गटारच.

नौपाड्याची_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. मीटिंगमध्ये काकांची पोस्ट वाचून दाखवली, साफसफाईवाल्याला नाही सांगितलं, दुसरा गॅस मीटरवाला माणूस शोधला. पहिल्या दिवशी मीटर खाली सोडल्यावर ऑक्सिजन १७ दाखवला, अंगावर काटा आला, कारण आधीचा माणूस त्याच सकाळी उतरणार होता. ब्लोअर लावून दुपारी २०.८ आला मग उतरले.

गाळातून निघालं : क्रिकेटचे अकरा बॉल, एक हेल्मेट, निर्माल्याच्या पिशव्या मोजल्या नाहीत, आणि एक पितळी कळशी. सासूबाईंनी ती राखेने घासली तर काठावर नाव घातलेलं निघालं, त्यांच्या सासूबाईंचं. दोर तुटून पडली होती म्हणे, त्यावरून घरात आठवडाभर भांडण झालं होतं. आता त्या कळशी कुणाला हात लावू देत नाहीत.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. माणसं आत उतरल्यावर वरून साधारण ९ फुटांवर, पार्किंगच्या बाजूला, दगडावर हातभर रुंद काळा चिकट ओघळ दिसला. उतरलेल्या माणसाने बोट लावून वास घेतला आणि वर बघून नुसती मान हलवली. आता आम्ही सगळे म्हणतोय शेजारच्या बिल्डिंगच्या चेंबरचं पाणी आहे, त्यांना पत्र लिहायचं ठरलंय, कसं लिहावं?

पाणीखात्यातला_निवृत्त

पत्र नंतर. आधी रंग टाका. फ्लुओरेसिन नावाची पावडर मिळते, चिमूटभर पुरते, हिरवंगार होतं. एका वेळी एकाच चेंबरमध्ये, दोन बादल्या पाण्याबरोबर, आणि विहिरीत टॉर्च मारून बघत बसायचं. सुरुवात स्वतःच्या चेंबरपासून करा.

नौपाड्याची_सेक्रेटरी

काका, तुमच्या तोंडात साखर पडो, पत्र लिहिलं नाही ते बरं झालं. आमचंच चेंबर निघालं. रात्री दहाला रंग टाकला, सकाळी सहाला ओघळाच्या जागी हिरवी रेघ. बिल्डरने ड्रेनेजची लाईन विहिरीपासून ११ फुटांवरून नेलीये आणि जोडाला नुसतं सिमेंट थापलंय.

परीक्षानळी

गटाराची लाईन विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवी, म्हणजे ५० फूट. शहरात एवढी जागा कोण देतंय, पण ११ फूट म्हणजे हद्द झाली.

नौपाड्याची_सेक्रेटरी

तीन आठवड्यांनी अपडेट. ड्रेनेजची लाईन फिरवून समोरच्या बाजूने नेली, जुनं चेंबर काढून खड्डा मुरमाने भरला, ९ फुटांचा भाग आणि वरचं अस्तर पक्कं केलं, खालचा सांधा १८ फुटांवर आहे तो तसाच ठेवला. मग चार किलोवाला डोस, रात्रभर, सकाळी उपसा. उपसताना काकांच्या पद्धतीने मोजलं, पंप बंद केल्यावर तासाभरात पातळी ८ इंच चढली, म्हणजे तासाला १४०० लिटर.

एक घोळ. मलेरियावाल्यांनी आधी येऊन गप्पी मासे सोडले होते, ते डोस द्यायच्या आधी काढायला हवेत हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सकाळी सगळे उलटे तरंगत होते आणि बिल्डिंगमधली पोरं अजून माझ्याशी बोलत नाहीयेत. मासे आणि क्लोरीन दोन्ही एकत्र नांदत नाहीत, मग आता काय करायचं?

पाणीखात्यातला_निवृत्त

क्लोरीन विहिरीत नको, टाकीत द्या, विहिरीवर डासांची बारीक जाळी घट्ट बसवा, मासे लागणारच नाहीत. टाकीत टाकून अर्धा-एक तास थांबायचं, मग ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकून नळाचं पाणी हलकं पिवळं व्हायला पाहिजे. आणि विहिरीची टाकी पूर्ण वेगळी ठेवा, महापालिकेच्या लाईनला कुठेही जोडू नका, व्हॉल्व्ह लावून सुद्धा नाही. शटडाऊनमध्ये लाईन रिकामी झाली की ती ओढून घेते, आणि मग तुमच्या विहिरीचं पाणी पलीकडच्या गल्लीतलं बाळ पितं.

उन्हाळ्याचा हिशोबही आत्ताच करा. घरात सरासरी साडेचार माणसं आणि माणशी १३५ लिटर धरले तर २४ घरांना दिवसाला साडेचौदा हजार लागतात. आज विहीर ते सहज देईल, मे महिन्यात बहुधा देणार नाही, तेव्हा पंप कोरडा पडून मोटर जळेल. पातळीचा सेन्सर बसवा.

नौपाड्याची_सेक्रेटरी

सेन्सरची ऑर्डर दिली. एचटूएसची बाटली दोन वेळा लावली, पाणी जसंच्या तसं राहिलं. लॅबचा रिपोर्ट आला, ई. कोलाय नाही, टीडीएस ३८०, नायट्रेट २६. तरी कमिटीने ठरवलंय की पावसाळा संपेपर्यंत हे पाणी फ्लश, लादी आणि गाड्यांनाच, जुलैत आणि सप्टेंबरात परत टेस्ट करायची, मग प्यायचं बघू. सासूबाईंनी मात्र एक पातेलं गुपचूप आणून डाळ लावलीच, दोन शिट्ट्या लागल्या, त्यांच्या मते कुकरची रिंग सैल आहे.

नवीन जाळी शनिवारी बसतेय. सायकल अजून तिथेच आहे, ज्याची असेल त्याने शुक्रवारपर्यंत न्यावी असं ग्रुपवर टाकलंय.