घरच्या स्विमिंग पूलला चारही बाजूंनी कुंपण सक्तीचं असावं का?

धागाकर्ता: माझं मत स्पष्ट आहे, असावं. बरेच जण तीन बाजूंना जाळी लावतात आणि चौथी बाजू म्हणून घराची भिंत धरतात, पण त्याच भिंतीत पूलकडे उघडणारं दार असतं ना! लहान पोर घरातूनच पाण्याकडे जातं हो, मोठं माणूस फोन घ्यायला वळलं की तेवढ्यात. ऑस्ट्रेलियात कुंपण साधारण १.२ मीटर उंच लागतं, दांड्यांमधली फट १०० मिलिमीटरच्या वर चालत नाही, गेट बाहेरच्या बाजूला उघडायला हवं आणि सोडलं की आपोआप बंद होऊन कडी पडायला हवी. यात जाचक काय आहे?

प्रतिसाद १: सक्ती पटत नाही. आमच्याकडे लहान मूलच नाही, मग कशाला? फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने कुंपण, अलार्म, कव्हर किंवा पूर्ण बंदिस्त छत यातलं कुठलंही एक चालतं. एवढी मोकळीक द्या की.

धागाकर्ता: पाहुण्यांची मुलं येतात, शेजारची येतात, त्यांचं काय? आणि पाण्यातला अलार्म वाजतो तो पोर पडल्यावर! कव्हर दरवेळी आठवणीने ओढावं लागतं, दमून बाहेर आलेला माणूस म्हणतो राहू दे, नंतर घालू.

प्रतिसाद २: मी दोन्ही बाजूंनी बोलते. नातेवाइकांकडे चारही बाजूंनी कुंपण होतं, पण कार्यक्रमात ये-जा सोपी व्हावी म्हणून कुणीतरी गेट उघडं राहावं म्हणून त्याला झाडाची कुंडी लावून ठेवली. अडीच वर्षांची भाची पहिल्या पायरीवर बसून पाण्यात हात घालत होती, एकही आवाज नाही, सगळे चार पावलांवर गप्पा मारतायत. अजून अंगावर काटा येतो. कुंपण आहे म्हटलं की माणसं निर्धास्त होतात, त्यामुळे नुसत्या सक्तीने काही होणार नाही.

प्रतिसाद ३: ताई, म्हणूनच तर नियमासोबत तपासणी हवी. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडतच नाही, त्यामुळे ऐकू येईल या भरवशावर राहता येत नाही. कुंपणाला टेकवलेली प्लास्टिकची खुर्चीसुद्धा शिडीच असते.

प्रतिसाद १: खुर्ची आमच्याकडेही तिथेच असते, ती आज हलवतो. पण दरवर्षी कुणी घरात येऊन तपासणार असेल तर माझा विरोध कायम.

धागाकर्ता: गेटपण बघा, अर्धवट उघडून सोडा आणि कडी स्वतःहून पडते का बघा. बिजागरीची स्प्रिंग ढिली झाली की ते बोटभर उघडंच राहतं.